भावाची विष्ठा, घरचा मिक्सर आणि न टिकणारा एनिमा

पत्र: मी सांखळीचा, वय 29. वेर्ण्याला कंपनीत पाळीने काम करतो. तीन वर्षांपूर्वी कोलोनोस्कोपीत अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला, मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूचा. मेसालामाइनच्या गोळ्या रोज 2.4 ग्रॅम चालू आहेत. एनिमाही लिहून दिला होता, पण तो दहा मिनिटांत बाहेर येतो, म्हणून सोडला. दीड वर्षात तीनदा स्टेरॉइड झालं. 40 मिलिग्रॅमवर चार दिवसांत बरं वाटतं, 10 वर आलं की पुन्हा रक्त. आता तेच चालू आहे, दिवसाला चार-पाच वेळा, आव आणि रक्त. विष्ठेतलं कॅल्प्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याच्या सुजेचं माप, 640 आलंय. जास्त झालं की फार्मसीतून जुलाबाच्या गोळ्या आणतो. इंटरनेटवर वाचलं की निरोगी माणसाची विष्ठा आतड्यात सोडली की हा आजार जातो. माझा धाकटा भाऊ 22 वर्षांचा, फुटबॉल खेळतो, ठणठणीत आहे. मागच्या महिन्यात दाढेसाठी आठवडाभर अँटिबायोटिक घेतलं, तेवढंच. तो द्यायला तयार आहे. जुना मिक्सर, सलाइन आणि एनिमाची पिशवी आणून ठेवली आहे. येत्या रविवारी करून पाहू का?

उत्तर: रविवारीही नको आणि त्यानंतरच्याही रविवारी नको. घरी हे करू नका. मिक्सर बाजूला ठेवा आणि पुढचे सावकाश वाचा, कारण तुम्ही वाचले ते सगळेच थोतांड नाही.

विष्ठा प्रत्यारोपण, म्हणजे एफएमटी, हा खरा उपचार आहे. 1958 साली डेन्व्हरच्या बेन आइसमन या सर्जनने अँटिबायोटिकनंतर आतड्याला भयंकर सूज आलेल्या चार रुग्णांना विष्ठेचे एनिमा दिले आणि ते सावरले. 2013 मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल, थोडक्यात सी. डिफ, या जिवाणूच्या पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या जुलाबाच्या 16 रुग्णांपैकी 13 जण पहिल्याच मात्रेत बरे झाले. नुसत्या व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकवर 13 पैकी 4. हाच आकडा इंटरनेटवर फिरतो आणि कोलायटिसचे रुग्ण त्यावर हुरळून जातात.

पण तो आकडा तुमच्या आजाराचा नाही. सी. डिफमध्ये अँटिबायोटिकने आतड्यातले चांगले जिवाणू मारलेले असतात आणि मोकळ्या रानात एक तण माजलेले असते. चांगला तरवा लावला की शेत भरते, तणाला जागा उरत नाही. कोलायटिसमध्ये तुमची स्वतःची प्रतिकारशक्तीच आतड्याच्या अस्तरावर तुटून पडलेली असते. बांध फुटून खारे पाणी शिरत असलेल्या खाजनात तरवा लावण्यासारखे ते आहे. थोडा तगतो, बराच जातो, आणि पुन्हा पुन्हा लावावा लागतो.

म्हणूनच कोलायटिसच्या चाचण्यांमध्ये मात्रा एक नसते. 2015 च्या कॅनडातल्या चाचणीत दर आठवड्याला 50 मिलिलिटरचा एनिमा, सहा आठवडे दिला. 24 टक्के रुग्णांचा आजार शमला, खोट्या एनिमावर 5 टक्के. त्यातली गंमत अशी की शमलेल्या 9 पैकी 7 जणांना एकाच दात्याची विष्ठा मिळाली होती. बाकीचे दातेही कागदोपत्री तितकेच निरोगी होते. कोणाची लागू पडेल हे आधी ओळखायची खात्रीची तपासणी नाही, म्हणून 2017 च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत एकेका रुग्णासाठी तीन ते सात दात्यांची विष्ठा एकत्र केली, एकदा कोलोनोस्कोपीतून सोडली आणि मग आठवड्यातून पाच दिवस, आठ आठवडे, एनिमा दिले. म्हणजे चाळीस एनिमा. निकाल 27 टक्के विरुद्ध 8. चौघांत एकाला गुण, तोही चाळीस एनिमांनंतर, आणि हे सगळे सौम्य ते मध्यम आजाराचे रुग्ण.

आपल्याकडचा आकडा याहून चांगला आहे. दिल्लीच्या एम्सने 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रामीण भागातल्या अनेक दात्यांची ताजी विष्ठा आठवड्याला एकदा, सात वेळा, कोलोनोस्कोपीतून दिली आणि जोडीला दाह कमी करणारा ठरावीक आहार ठेवला. आठव्या आठवड्यात 60 टक्के रुग्णांचा आजार शमला होता. लोक हा आकडा घेऊन थांबतात. दुसऱ्या गटाकडे बघा. तिथे विष्ठा नव्हती, आहार नव्हता, नेहमीचीच औषधे पण नीट बसवून दिलेली होती. त्यातही 32 टक्के जण शमले. तुमच्या पत्रातली औषधे नीट बसवलेली नाहीत. त्याकडे येतोच.

क्रोन्स या कोलायटिसच्या भावंडासारख्या आतड्याच्या आजारात पुरावा याहूनही तोकडा आहे. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2024 च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले आहे की कोलायटिस आणि क्रोन्ससाठी एफएमटी चाचणीबाहेर देऊ नये. तिथे 2022 आणि 2023 मध्ये विष्ठेपासून बनवलेली दोन औषधे मंजूर झाली, तीही सी. डिफ उलटू नये यासाठीच.

आता तुमच्या भावाकडे वळू. भला मुलगा आहे, पण दाता म्हणून पहिल्याच प्रश्नाला बाद होतो. गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलेल्याची विष्ठा घेत नाहीत. आठवडाभराच्या गोळ्यांनी त्याच्या आतड्यातली वस्ती विरळ झालेली असते आणि जे उरतात त्यांत औषधाला न जुमानणारे जास्त असतात. तुम्हाला देण्यासारखे नेमके तेच उरलेले नाही. शिवाय तो एकाच घरातला, एकाच पातेल्यातले खाणारा. सख्ख्या नात्याची विष्ठा जास्त लागू पडते असे कुठेही सिद्ध झालेले नाही.

समजा त्याने अँटिबायोटिक घेतले नसते. तरी 'ठणठणीत' हा शब्द पुरत नाही. दात्याचे वजन, आतड्याचे आजार, मधुमेह, घरातला कर्करोगाचा इतिहास, नुकताच झालेला प्रवास, टॅटू, लैंगिक संबंध हे सगळे विचारतात. मग रक्तात एचआयव्ही, हिपॅटायटिस ए, बी, सी, ई आणि सिफिलिस. विष्ठेत सी. डिफचे विष, साल्मोनेला, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर, कॉलरा, आमांशाचा अमिबा, जिआर्डिया, जंतांची अंडी, रोटा आणि नोरोव्हायरस. अमेरिकेतल्या ओपनबायोम या विष्ठापेढीत इच्छुकांपैकी शंभरातले जेमतेम तीन पात्र ठरले होते.

या यादीत आणखी एक तपासणी हवी आणि तीच सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे औषधांना न जुमानणारे जंतू. जून 2019 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा काढला. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या दोन रुग्णांना एकाच दात्याची विष्ठा दिली गेली होती. त्या विष्ठेत ईएसबीएल, म्हणजे अँटिबायोटिक निकामी करणारे विकर, बनवणारा ई. कोलाय जिवाणू होता आणि तो तपासलेला नव्हता. दोघांच्याही अंगात तो भिनला, एक दगावला. दाता मात्र निरोगीच होता. आपल्याकडे वाटेल ते अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत आल्यामुळे धडधाकट माणसांच्या पोटातही असे जंतू सर्रास असतात. भावाला त्यांचा काही त्रास नाही. पण तुमच्या आतड्याचे अस्तर जागोजागी सोललेले, वर स्टेरॉइड चालू. तिथून रक्तात शिरायला त्यांना दारच उघडे आहे.

आणि मिक्सर. प्रयोगशाळेत साधारण 50 ग्रॅम विष्ठा सलाइनमध्ये कालवून गाळतात आणि काही तासांत वापरतात, किंवा 10 टक्के ग्लिसरॉल घालून उणे 80 अंशांवर गोठवतात. कोलायटिसमध्ये ज्या जिवाणूंची वाण पडलेली असते, त्यांतले बरेच प्राणवायू लागला की मरतात. म्हणून 2019 च्या दुसऱ्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत हे कालवण प्राणवायूशिवाय केले होते आणि तीनच मात्रांत 32 टक्के विरुद्ध 9 असा निकाल आला. मिक्सरचे पाते काय करते? ताक घुसळल्यासारखी हवा आत कोंबते. वर फेस दिसला की समजायचे. हवे ते जिवाणू मरतात, हवेत तगणारा ई. कोलाय मजेत राहतो. पात्याखालच्या रबराच्या वायसरमध्ये जे अडकते ते घासून निघत नाही, ते भांडे पुन्हा वाटणाला वापरले तर घरभर जुलाब होतील. घरच्या घरी केलेल्यात नेमके हेच बिघडते, आणि लोकांना वाटते भावाची लागू पडली नाही.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे या. मेसालामाइनचा एनिमा दहा मिनिटांत बाहेर येतो म्हणून तुम्ही सोडलात. ती बाटली असते 60 मिलिलिटरची. विष्ठेचे 200 मिलिलिटर पाणी त्याच आतड्यात चार तास कसे राहणार होते? एनिमा टिकत नाही हीच तुमची खरी अडचण आहे, आणि ती सुटण्यासारखी आहे.

तुमचा आजार डाव्या बाजूला आहे. गोळ्या तिथवर पोचेपर्यंत औषध पातळ झालेले असते. एनिमा थेट त्याच जागी पडतो. गोळी आणि एनिमा दोन्ही मिळून जेवढा गुण देतात तेवढा एकटा कोणीच देत नाही. तो टिकत नाही कारण सुजलेले गुदाशय रबरासारखे ताणत नाही, थोडे पाणी आले तरी कळ आणते. त्यात बाटली गार, आतड्यात मळ आणि दाबायची घाई.

म्हणून क्रम उलटा करा. डॉक्टरांना विचारून आधी 1 ग्रॅमची मेसालामाइनची सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून ठेवायची वडी, रोज रात्री, एक-दोन आठवडे. ती फक्त गुदाशयापुरती काम करते, पण तिथली कळ कमी झाली की वरचा एनिमा राहू लागतो. सपोझिटरीही राहत नसेल तर स्टेरॉइडचा फेस मिळतो, तो पाण्यासारखा वाहत नाही.

मग एनिमा. झोपण्याआधी शौचाला जाऊन या, काही झाले नाही तरी बसून या. बाटली पाच-दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवा, गरम पाण्यात नको. मग जोरात हलवा, औषध तळाशी बसलेले असते. अंथरुणावर जुना गडद टॉवेल घाला, कारण याचे डाग तपकिरी पडतात आणि निघत नाहीत. डाव्या कुशीवर झोपा, डावा पाय सरळ, उजवा गुडघा पोटाशी. टोकाला जेली किंवा थोडे खोबरेल लावा. टोक बेंबीच्या दिशेने आत सरकवा, आडवे ढोसू नका. बाटली एका दमात दाबायची नाही. मिनिट-दीड मिनिट घ्या. कळ आली की थांबा, तोंडाने श्वास सोडा, कळ ओसरली की पुढे. टोक बाहेर काढताना बाटली दाबलेलीच ठेवा, सैल सोडली तर औषध परत बाटलीत ओढले जाते. बरेच जण इथेच चुकतात. नंतर अर्धा तास त्याच कुशीवर.

पहिल्या आठवड्यात अर्धी बाटलीच द्या. वीस मिनिटे राहिला तरी चालेल, काही भाग अस्तराला लागतोच. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रात्रभर राहायला दोन-तीन आठवडे लागतात. तुमची रात्रपाळी असेल त्या आठवड्यात सकाळी घरी येऊन झोपायच्या आधी घ्या, घड्याळापेक्षा सलग आडवे पडणे महत्त्वाचे. थोड्या लोकांना मेसालामाइनच सोसत नाही, चालू केल्यावर ताप येतो आणि रक्त वाढते. तसे झाले तर ताबडतोब बंद करून कळवा.

गोळ्यांची मात्राही तळाची आहे. आजार जागा असताना 4.8 ग्रॅमपर्यंत नेता येते, मूत्रपिंडासाठी रक्तातले क्रिॲटिनिन तपासत. हे डॉक्टरांशी बोला.

पण एवढ्यावर भागेल असे सांगून तुम्हाला फसवणार नाही. दीड वर्षात तीनदा स्टेरॉइड आणि 10 मिलिग्रॅमला परत रक्त, याला स्टेरॉइडवर अवलंबून असलेला आजार म्हणतात. चौथ्यांदा तोच कोर्स मागू नका. मात्र चालू असलेले एकदम बंदही करू नका. पुढची पायरी म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे, ॲझाथायोप्रिन किंवा इन्फ्लिक्सिमॅब, व्हेडोलिझुमॅब, टोफॅसिटिनिब यांपैकी काहीतरी असते. ॲझाथायोप्रिनला गुण यायला तीन महिने लागतात, आणि आधी एनयूडीटी15 ही जनुकाची तपासणी करून घ्यावी. आपल्या लोकांमध्ये त्यातला दोष असलेल्यांच्या पांढऱ्या पेशी अचानक कोसळतात, भराभर केस गळणे ही त्याची खूण. सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी सीबीसी. इन्फ्लिक्सिमॅब किंवा टोफॅसिटिनिब ठरले तर आधी छातीचा एक्स-रे, क्षयाची रक्ततपासणी आणि हिपॅटायटिस बी. लपलेला क्षय या औषधांनी उठतो. नागिणीची आणि हिपॅटायटिस बीची लस आधीच घेता आली तर उत्तम. यांतली काही औषधे महाग आहेत. गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, दाखवत असाल तर दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड सोबत न्या आणि कोणते औषध त्यात बसते हे लिहून घेण्याआधीच काउंटरवर विचारा.

त्याआधी आणखी एक तपासणी, जी तुमच्या पत्रात कुठेच नाही. विष्ठेतले सी. डिफचे विष. कोलायटिस, स्टेरॉइड आणि फार्मसीतून स्वतःच आणलेल्या जुलाबाच्या गोळ्या, ज्यांत बहुधा अँटिबायोटिक असते, हे तिन्ही तुमच्याकडे आहेत, आणि सी. डिफ हुबेहूब कोलायटिस उठल्यासारखाच दिसतो. आमांशाचा अमिबाही. ते निघाले तर स्टेरॉइड वाढवून उलटेच होते. आणि सी. डिफ उपचारानंतरही वारंवार उलटू लागला, तर मात्र एफएमटीचा विषय तुमच्यासाठी खरोखर उघडतो, इस्पितळात, रीतसर. त्या फार्मसीतल्या गोळ्या आजपासून बंद. लोपेरामाइडही नको, रक्त पडत असताना ते आतडे फुगवू शकते. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नको, पॅरासिटामॉल चालते.

जेवणाचे तुम्ही विचारलेले नाही, पण घरात कोणीतरी विचारणारच. उठावात उकड्या तांदळाची पेज, मऊ भात, कमी तिखटाचे हुमण (माशाची आमटी), उकडलेला मासा चालतो. आजार शमला की भाज्या, फळे परत आणा. कायमची पेज खाऊन आतड्यातले जिवाणू उपाशी राहतात.

एफएमटीच हवी असे मनाने घेतलेच असेल, तर ती चाचणीत घ्या. देशातल्या चाचण्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर नोंदवलेल्या असतात, तिथे आजाराचे नाव टाकून कोणत्या केंद्रात भरती चालू आहे ते दिसते. नैतिक समितीची मंजुरी आणि सही करायचे संमतीपत्र तुमच्या भाषेत मागा. तिथे एवढे विचारा: दात्याच्या विष्ठेत ईएसबीएल बनवणारे आणि कार्बापेनेम या जालीम अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू तपासता का? गोठवलेली विष्ठा वापरता तर दात्याची दुसरी तपासणी झाल्यावरच ती बाहेर काढता का? मात्रा किती, आणि कोलोनोस्कोपीतून की एनिमाने? मध्येच आजार वाढला तर काय करणार? पैसे घेऊन एकाच मात्रेत कायमचा बरा करतो म्हणणारा कोणी भेटला, तर पहिला प्रश्न विचारायचेही कष्ट घेऊ नका.

कॅल्प्रोटेक्टिन पुन्हा बघायचे ते नवा उपचार बसल्यावर दोन-तीन महिन्यांनी, सकाळच्या पहिल्या शौचाचे. 150 च्या खाली आले तर अस्तर भरत आहे. रक्त थांबले म्हणून औषध सोडू नका, रक्त थांबते त्यानंतरही सूज बरेच दिवस असते.

आणि दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे शौच, सोबत नाडी 90 च्या वर, ताप 37.8 च्या वर किंवा हिमोग्लोबिन 10.5 च्या खाली, यांतले काहीही एक दिसले तर ओपीडीची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टीत जा. पोट फुगून ताठ झाले असेल तर त्या वेळी तोंडाने काही घेऊ नका, आणि स्टेरॉइड किती दिवसांपासून, किती मात्रेत चालू आहे ते चिठ्ठीवर लिहून सोबत न्या. तिथे पहिला प्रश्न तोच विचारतील.